एकच प्रथिन, तीन पद्धती, तीन आकडे: खरा कुठला?

पिपेटवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न प्रयोगशाळेतला आहे, पण इथे बायोकेमिस्ट्रीवाले बरेच वावरतात म्हणून विचारते.

आरएनएला चिकटणारं एक प्रथिन जिवाणूंमध्ये तयार करून निकेल कॉलमवर शुद्ध केलंय. जेलवर एकच ठळक पट्टा दिसतोय. पुढे आरएनएशी बंधनाचे प्रयोग करायचे आहेत, त्यामुळे कॉन्सन्ट्रेशन नेमकं माहीत हवं. एकाच नळीतल्या नमुन्याचे आकडे असे आले:

२८० नॅनोमीटरला (एका थेंबावर मोजणारं यंत्र): ०.४२ मिग्रॅ/मिली
ब्रॅडफर्ड (निळ्या रंगाची चाचणी): १.५ मिग्रॅ/मिली
बीसीए (तांब्यावर आधारलेली रंगाची चाचणी): २.३ मिग्रॅ/मिली

प्रथिनाचं वजन २१ किलोडाल्टन आहे. म्हणजे पहिला आकडा धरला तर २० मायक्रोमोलर, शेवटचा धरला तर जवळजवळ ११०. हा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. तिन्ही मोजण्या पुन्हा केल्या, आकडे तेच येतात. सरासरी काढून पुढे जावं का?

शोषणांक

सरासरी अजिबात काढू नका. तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजल्यात, त्यांची सरासरी म्हणजे कशाचीच नाही.

उलट आकडे पुन्हा तेच येतायत ही चांगली खूण आहे. हात स्थिर आहे, चूक पद्धतशीर आहे, म्हणजे सापडेल. एवढं सांगा:
१. प्रथिनात ट्रिप्टोफॅन, टायरोसिन आणि सिस्टीन किती? टॅगसकट (शुद्धीकरणासाठी जोडलेला तुकडा) मोजा.
२. बफरमध्ये काय काय आहे?
३. यंत्रावर कुठला पर्याय निवडला होता?
४. २६०/२८० गुणोत्तर किती आलं? पडद्यावर तिथेच कोपऱ्यात दिसतं, पण बघत कुणी नाही.

पिपेटवाली

ट्रिप्टोफॅन एकही नाही. टायरोसिन ३. सिस्टीन २, दोन्ही मोकळे, डायसल्फाइड नाही.
बफर: ट्रिस, १५० मिलिमोलर मीठ, २५० मिलिमोलर इमिडाझोल. कॉलमवरून गोळा केल्यावर १ मिलिमोलर डीटीटी (सिस्टीनचं ऑक्सिडेशन रोखणारं क्षपणक) घातलं.
यंत्रावर "१ अ‍ॅब्सॉर्बन्स = १ मिग्रॅ/मिली" असा पर्याय आपोआप निवडलेला असतो, तोच होता.
२६०/२८० = १.०५.

शोषणांक

चारही उत्तरांत एकेक गुन्हेगार सापडला. :) रात्री सविस्तर लिहितो.

वाचनमात्र

मी या क्षेत्रातला नाही, पण धागा वाचतोय. प्रथिन तर डोळ्यांना पाण्यासारखं स्वच्छ दिसत असणार. मग त्यात प्रकाश अडतो म्हणजे नेमकं काय होतं? आणि २८०च का?

काचपात्र

दृश्य प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. २८० हा अतिनील भाग, तो आपल्याला दिसत नाही, म्हणून द्रावण स्वच्छ भासतं. प्रथिनं वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात. त्यांपैकी ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन या दोघांच्या बाजूशाखेवर अशी कडी असते की २८०च्या आसपासचा प्रकाश ती चांगला गिळते. डायसल्फाइड बंध थोडासा हातभार लावतात. फिनाइलअ‍ॅलनिनलाही कडी आहे, पण तिचं शिखर २५८ला आणि तेही ठेंगणं, २८०ला तिचा उपयोग शून्य.

आत गेलेला प्रकाश आणि बाहेर आलेला प्रकाश यांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम म्हणजे अ‍ॅब्सॉर्बन्स. तो १ असेल तर १० टक्के प्रकाश पार गेला, २ असेल तर १ टक्का, ३ असेल तर ०.१ टक्का. हा आकडा कॉन्सन्ट्रेशनच्या आणि प्रकाशाने कापलेल्या अंतराच्या सरळ प्रमाणात असतो. बिअर-लँबर्ट नियम तो हाच. (अवांतर: अंतराचा भाग बूगेरने १७२९ मध्येच मांडला होता, लँबर्टचं पुस्तक १७६०चं, बिअरने कॉन्सन्ट्रेशन जोडलं १८५२ला. नावातून बूगेर बिचारा बहुतेक वेळा गळतो.)

वाचनमात्र

समजलं. म्हणजे ज्या प्रथिनात या दोन कड्या कमी, ते मोजणाऱ्याला विरळ वाटणार?

काचपात्र

अगदी तेच.

शोषणांक

वाचनमात्र यांनी एका ओळीत मुद्दा पकडला. आता सविस्तर.

२८०चा आकडा. दर रेणूमागे शोषण (एप्सिलॉन) किती होईल ते अमिनो आम्लांच्या क्रमावरून काढता येतं: ट्रिप्टोफॅनचे ५५००, टायरोसिनचे १४९०, डायसल्फाइडचे १२५ (प्रति मोलर प्रति सेंटिमीटर). संख्यांनी गुणा आणि बेरीज करा. पिपेटवाली यांच्या प्रथिनात फक्त ३ टायरोसिन, म्हणजे ४४७०. त्याला २१,००० ने भागलं की ०.२१३. म्हणजे १ मिग्रॅ/मिली द्रावणाचा १ सेंटिमीटर क्युव्हेटमधला अ‍ॅब्सॉर्बन्स फक्त ०.२१. यंत्र समजत होतं की तो १ आहे.

हा फरक किती मोठा असू शकतो याचा अंदाज बहुतेकांना नसतो. कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम घ्या: ६ ट्रिप्टोफॅन, ३ टायरोसिन, ४ डायसल्फाइड, वजन १४.३ किलोडाल्टन. हिशोब येतो २.६५. अँटिबॉडी म्हणजे आयजीजी साधारण १.४. बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन, तुलनेला नेहमी घेतात ते) ०.६७. युबिक्विटिनमध्ये एकच टायरोसिन, ट्रिप्टोफॅन नाही: ०.१७. सगळी १ मिग्रॅ/मिली, सगळी शुद्ध, आणि लायसोझाइम नि युबिक्विटिन यांच्यात पंधरा पटींचा फरक. "१ = १" हा पर्याय अनोळखी मिश्रणाचा ढोबळ अंदाज घ्यायला ठीक आहे. क्रम माहीत असलेल्या शुद्ध प्रथिनाला तो वापरायचं काहीच कारण नाही.

तर ०.४२ भागिले ०.२१३ = १.९७. लगेच बीसीएच्या २.३ जवळ आलो म्हणून खूश होऊ नका. २६०/२८० हे १.०५ आहे. स्वच्छ प्रथिनाचं ते ०.५७च्या आसपास असतं, आरएनएचं २च्या आसपास. तुमचं प्रथिन आरएनएला चिकटणारं, म्हणजे जिवाणूमधून येताना ते आपला सोयरा बरोबर घेऊन आलंय. तुमच्या ०.४२ मधला काही भाग त्याचा.

गढूळ

शोषणांक यांच्याशी सहमत, फक्त आकडेमोड करण्याआधी थांबा. एका थेंबाच्या यंत्रात प्रकाशाचं अंतर १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असतं, आणि यंत्र ते १० मिलिमीटरवर बदलून दाखवतं. म्हणजे पडद्यावर ०.४२ असेल तेव्हा प्रत्यक्ष मोजलेलं ०.०४. एवढ्याशा आकड्यात गोंगाट किती असेल याचा विचार करा. त्यात १-२ मायक्रोलिटर थेंब उघड्यावर मिनिटभर राहिला तरी सुकायला लागतो. नमुना पुरेसा असेल तर १ सेंटिमीटरच्या क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये २४० ते ३५० असा पूर्ण स्पेक्ट्रम घ्या.

आणि ३२०चा आकडा नक्की लिहा. प्रथिनाला ३२०ला काहीही शोषायचं काम नसतं (रंगीत प्रथिनं सोडून, हीमवाली वगैरे). तिथे आकडा आला तर तो शोषणाचा नाही, विखुरणाचा. प्रथिनाचे गोळे झालेत, ते प्रकाश बाजूला फेकतायत, आणि यंत्राला वाटतंय की तो गिळला गेला.

अतुल्य

मी तर वर्षानुवर्षं साध्या प्लास्टिकच्या क्युव्हेटमध्ये २८० मोजतोय, काही बिघडलं नाही.

गढूळ

अतुल्य, कुठलं प्लास्टिक त्यावर आहे. अतिनील किरणांसाठी खास बनवलेल्या डिस्पोजेबल मिळतात, त्या २३०-२२०पर्यंत चालतात. साधं पॉलिस्टायरिन ३४०च्या खाली अपारदर्शक व्हायला लागतं. साध्या काचेचंही थोडंफार तसंच. तुमच्या क्युव्हेटमध्ये नुसतं पाणी भरा, रिकाम्या कप्प्यावर शून्य करा आणि २८० बघा. २च्या वर काही दिसलं तर इतकी वर्षं नेमकं काय मोजलं ते तुम्हीच ठरवा.

अतुल्य

०.२ येतंय. खास अतिनीलवालीच निघाली. वाचलो.

मोजमाप

या निमित्ताने एक सांगून ठेवतो, कारण "२च्या वर" आलंच आहे. यंत्रात थोडा भटका प्रकाश असतो, नको त्या तरंगलांबीचा, नमुन्यातून सहज पार होणारा. समजा तो १ टक्का आहे. खरा अ‍ॅब्सॉर्बन्स २ असताना १ टक्का खरा प्रकाश आणि वर हा १ टक्का असे दोन्ही पोचतात, आणि यंत्र १.७ दाखवतं. म्हणजे घट्ट द्रावण नेहमी विरळ भासतं, आणि सरळ रेषा वरच्या टोकाला वाकते. चांगल्या यंत्रात भटका प्रकाश यापेक्षा पुष्कळ कमी असतो, पण जुना ड्यूटेरियम दिवा असेल तर अतिनील भागातच आधी मार बसतो. ०.१ ते १ मध्ये राहा, वर गेलात तर पातळ करा. दोन पातळीवर पातळ करून हिशोब केलेलं मूळ कॉन्सन्ट्रेशन एकच येतंय का बघा. ही सगळ्यात स्वस्त चाचणी आहे आणि ती जवळजवळ कुणी करत नाही.

पिपेटवाली

क्वार्ट्झमध्ये घेतलं. ब्लँक (यंत्र शून्य करायचं प्रथिनाविनाचं द्रावण) म्हणून तोच इल्यूशन बफर (कॉलमवरून प्रथिन सोडवणारा), त्याच दिवशी डीटीटी घालून नमुन्याशेजारीच ठेवलेला.

२८०: ०.४२०
२६०: ०.४४१
३२०: ०.०२०

शोषणांक

ब्लँकबद्दल शाबास. डीटीटी जुनं होऊन ऑक्सिडाइझ झालं की त्याचं रूप २८०ला शोषतं, १ मिलिमोलर पूर्ण ऑक्सिडाइझ झालं तर एकट्याचे ०.२७ होतात. ताजा बफर ब्लँकला आणि चार दिवसांचा नमुना मोजायला, असं केलं असतं तर तुमच्या प्रथिनाइतकाच आकडा हवेतून आला असता. इमिडाझोलही तिथे थोडं शोषतंच.

आता हिशोब. विखुरण छोट्या कणांसाठी तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतं. (३२०/२८०) चा चौथा घात १.७, (३२०/२६०) चा २.३. म्हणजे ३२०च्या ०.०२ मुळे २८०ला ०.०३४ आणि २६०ला ०.०४६ वाढलेत. ते वजा करू:

२८०: ०.३८६
२६०: ०.३९५

आता २८०मधला आरएनएचा वाटा काढायचा. प्रथिनाचं गुणोत्तर ०.५७ आणि आरएनएचं २ धरलं तर आरएनएच्या वाट्याला ०.१२२ येतात, उरलेले ०.२६४ प्रथिनाचे. ०.२६४ भागिले ०.२१३ = १.२४ मिग्रॅ/मिली.

यात गंमत बघा. आरएनएचे २८०ला ०.१२२ म्हणजे २६०ला ०.२४, म्हणजे मिलीमागे साधारण १० मायक्रोग्रॅम. प्रथिन १२४० मायक्रोग्रॅम. वजनाने एक टक्काही नाही, आणि २८०च्या आकड्यातला जवळजवळ एक तृतीयांश त्याने खाल्ला. ट्रिप्टोफॅनवालं प्रथिन असतं तर तेवढ्या आरएनएने फारसं काही झालं नसतं. हे प्रथिन २८०ला इतकं मुकं आहे की शेजाऱ्याचा आवाजच जास्त ऐकू येतो.

काचपात्र

वॉरबुर्ग-ख्रिस्तियन सूत्र का नाही वापरलंत? १.५५ गुणिले २८० वजा ०.७६ गुणिले २६०. आम्हाला तेच शिकवलं होतं.

शोषणांक

घालून बघा: १.५५ × ०.३८६ वजा ०.७६ × ०.३९५ = ०.३०. चारपट कमी. ते सूत्र १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला यीस्टच्या एनोलेजवर बसवलं होतं, म्हणजे त्यात "१ मिग्रॅ/मिलीचा अ‍ॅब्सॉर्बन्स ०.९च्या आसपास" हे गृहीत लपलेलं आहे. सरासरी प्रथिनांच्या मिश्रणाला चालतं, या बाईंच्या प्रथिनाला नाही. सूत्राच्या पोटात कुणाचं प्रथिन आहे हे आधी विचारायचं.

आणि माझ्या १.२४वरही फार विसंबू नका. फक्त टायरोसिनवाल्या प्रथिनाचं २६०/२८० ०.५७ ऐवजी ०.५ असू शकतं. तसं धरलं तर १.१८ येतं. म्हणजे १.२च्या आसपास, याहून जास्त खात्री या नमुन्यातून मिळणार नाही.

रसायनी

बीसीएबद्दल मी लिहिते, कारण त्यात सगळ्यात मोठा घोळ आहे आणि लोक त्याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास ठेवतात.

बीसीएमध्ये अल्कधर्मी द्रावणात पेप्टाइड बंध आणि काही अमिनो आम्लं (सिस्टीन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन) दोन धनभारांच्या तांब्याला एक धनभाराचं करतात, म्हणजे क्षपित करतात. त्या एक धनभाराच्या तांब्याभोवती बीसीएचे दोन रेणू बसले की जांभळा रंग येतो, तो ५६२ला मोजायचा. पद्धत १९८५ची. पण तांब्याला क्षपित करणारं नुसतं प्रथिनच कशाला हवं? डीटीटी हे तर त्याच कामासाठी घातलेलं क्षपणक. ते प्रथिन नसतानाही रंग देतं. ग्लुकोज देतं. ईडीटीए उलट तांबंच पळवतं, रंग कमी होतो. आणि इमिडाझोल तांब्याला धरतं, किटच्या पत्रकात त्याची मर्यादा साधारण ५० मिलिमोलर असते, इथे २५० आहे.

पिपेटवाली, तुमचे स्टँडर्ड (ज्ञात कॉन्सन्ट्रेशनचे तुलनेचे नमुने) कशात बनवले होते?

पिपेटवाली

पाण्यात.

रसायनी

मग २.३चं उत्तर तिथेच आहे. स्टँडर्डमध्ये डीटीटी नाही, नमुन्यात आहे. स्टँडर्ड त्याच बफरमध्ये बनवले तर थोडं सुधारेल, पण पाया इतका उंच होईल की प्रथिनाचा फरक त्यावर बारीक दिसेल. सरळ डीसॉल्टिंग कॉलममधून काढा किंवा डायलिसिस करा. नमुना कमी असेल तर ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्लाने प्रथिन साक्यात आणून बफर टाकून द्या आणि परत विरघळवा, फक्त सगळं परत विरघळलं याची खात्री करा.

बीसीएची बाजू घ्यायची तर डिटर्जंट त्याला चालतात, एसडीएससुद्धा ५ टक्क्यांपर्यंत. पेशी फोडून काढलेल्या अर्कासाठी म्हणूनच ते बरं. आणि रंगाची क्रिया कधी पूर्ण थांबत नाही. ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून बाहेर काढलं की थंड करून सगळे नमुने झटपट एका दमात वाचायचे, अर्धी प्लेट वाचून चहाला जायचं नाही.

लॉरी वापरणारे कुणी असतील तर त्यांनाही हेच लागू. तिथेही तांबं आहे, वर फोलिन-सिओकाल्टो अभिकर्मक, मोजणी ७५०ला. १९५१चा तो शोधनिबंध आजवरचा सर्वाधिक उद्धृत निबंध मानला जातो, तीन लाखांच्या वर उल्लेख आहेत. तरीही डीटीटी त्याला चालत नाही.

वाचनमात्र

रक्ततपासणीच्या अहवालात "टोटल प्रोटीन" असतं तेही असंच मोजतात का? तिथेही गोंधळ होत असेल मग.

रसायनी

तिथे बाययुरेट. पुन्हा तांबं, पण बीसीए नाही: पेप्टाइड बंधांशी तांब्याचा थेट जांभळा संकुल, ५४०ला. संवेदनशीलता बेताची, साधारण १ ते १० मिग्रॅ/मिली. पण रक्तद्रवात प्रथिन लिटरमागे ६० ते ८० ग्रॅम, तेव्हा कमी पडत नाही. पेप्टाइड बंध सगळ्या प्रथिनांत वजनाच्या मानाने जवळजवळ सारखेच असतात, म्हणून कुठलं प्रथिन आहे याने फारसा फरक पडत नाही. या धाग्यातल्या सगळ्या पद्धतींत सर्वांत न्यायी हीच. फक्त तिला नमुना खूप लागतो, संशोधनाच्या प्रयोगशाळेत तेवढा कुणाकडे नसतो.

अतुल्य

आणि ब्रॅडफर्ड? मी तर ब्रॅडफर्डवालाच. पाच मिनिटांत काम होतं.

काचपात्र

ब्रॅडफर्ड १९७६ची. कूमासी ब्रिलियंट ब्लू जी-२५० आम्लात तपकिरी असतो (४६५), प्रथिनाला चिकटला की निळा (५९५). चिकटतो मुख्यतः आर्जिनिनला, थोडा लायसिन, हिस्टिडिन आणि कड्यांना. डीटीटी, इमिडाझोल यांचं त्याला फारसं वावडं नाही. डिटर्जंटचं मात्र आहे. तीन किलोडाल्टनच्या खालचे पेप्टाइड त्याला जवळपास दिसतच नाहीत.

पिपेटवालींच्या नमुन्याला म्हणूनच ब्रॅडफर्ड सगळ्यात कमी फसला असणार. १.२४ला १.५ म्हणजे वीस टक्के जास्त. आरएनएला धरणारी प्रथिनं आर्जिनिनने भरलेली असतात. तुमच्यात किती?

पिपेटवाली

१८८ पैकी २२.

काचपात्र

बीएसएच्या ५८३मध्ये २३ आहेत. वजनाच्या मानाने तुमच्यात तिप्पट. मग रंग तिप्पट का नाही? कारण बीएसए मुळातच या रंगाला लाडावलेला आहे, आर्जिनिनच्या संख्येपेक्षा जास्त निळा होतो. तेवढंच आयजीजी घेतलं तर रंग निम्म्याच्या आसपास. म्हणूनच अँटिबॉडी मोजणारे बीएसए ऐवजी गॅमा ग्लोब्युलिनचा स्टँडर्ड घेतात. तुमच्याकडे दोन्ही बाजूंची अतिशयोक्ती काही अंशी एकमेकींना कापते, हा निव्वळ योगायोग.

दोन सूचना. ब्रॅडफर्डचा कर्व्ह सरळ नसतो, त्यातून बळजबरीने रेषा ओढू नका. ५९५ आणि ४५०चं गुणोत्तर घेतलं तर बराच सरळ होतो. आणि हा रंग क्वार्ट्झला चिकटतो, त्यासाठी प्लास्टिकच वापरा. इथे अतुल्य यांच्या क्युव्हेट कामाला येतील.

अतुल्य

:) जेलच्या दहा खान्यांत सारखं प्रथिन घालायचं असेल तर ब्रॅडफर्ड पुरे, हे तरी मान्य कराल?

शोषणांक

शंभर टक्के मान्य. तिथे नमुने एकमेकांशी सारखे हवेत, सगळ्यांत तीच चूक असेल तर कुणाचं काही जात नाही. पिपेटवालींना रेणू मोजायचे आहेत. एका प्रथिनामागे एक आरएनए बसतो की दोन, हे कॉन्सन्ट्रेशनच्या चुकीवर पालटू शकतं. तिथे वीस टक्केही खुपतात.

मोजमाप

स्टँडर्डबद्दल कुणी बोललंच नाही. ब्रॅडफर्ड काय, बीसीए काय, तुमचा आकडा त्या बीएसएइतकाच खरा. भुकटी वजन करून बनवला असेल तर भुकटीत ओलावा असतो, लेबलवरचं २ प्रत्यक्षात कमी निघतं. तपासायला एक मिनिट लागतं: २ मिग्रॅ/मिली बीएसए २८०ला १.३३ दाखवायला हवा. जास्त वाटत असेल तर निम्मा करून ०.६७ बघा. नेमकेपणाची फारच चाड असेल तर एनआयएसटी या अमेरिकन मानक संस्थेचं एसआरएम ९२७ नावाचं प्रमाणित बीएसए द्रावण असतं, पण रोजच्या कामाला ते लागत नाही.

९६ खान्यांच्या प्लेटवर मोजणाऱ्यांसाठी अजून एक: तिथे प्रकाश वरून खाली जातो, म्हणजे अंतर द्रावणाच्या उंचीवर ठरतं. २०० मायक्रोलिटरला ते अर्ध्या सेंटिमीटरच्या जरा वर. स्टँडर्ड आणि नमुना सारख्याच आकारमानात असतील तर फरक पडत नाही. पण प्लेटवर २८० मोजून थेट सूत्रात घातलं तर आकडा निम्मा येईल. पाण्याचं ९७७ आणि ९००मधलं अंतर १ सेंटिमीटरला ०.१८ असतं, त्यावरून यंत्र खरं अंतर काढू शकतं. तो पर्याय चालू आहे का बघा.

गढूळ

ट्रिप्टोफॅन नसलेल्यांसाठी २०५ नॅनोमीटर हाही मार्ग आहे. तिथे पेप्टाइड बंध स्वतः शोषतो, १ मिग्रॅ/मिलीला साधारण ३१. म्हणजे ०.०२ मिग्रॅ/मिली असलं तरी ०.६ दिसतं. अडचण अशी की २०५ला जगातलं जवळजवळ सगळंच शोषतं: इमिडाझोल, डीटीटी, खूप मीठ. पातळ फॉस्फेट बफर असेल तरच त्या वाटेला जा.

पिपेटवाली

सगळ्यांचे आभार. नवीन तुकडी केली. कॉलमवर असतानाच १ मोलर मिठाने भरपूर धुतलं म्हणजे आरएनए सुटावा, मग गोळा करून डीसॉल्टिंग कॉलममधून फॉस्फेट बफरमध्ये आणलं, डीटीटीशिवाय. जोरात फिरवून गोळे खाली बसवले. बीएसएची बाटलीही तपासली, १.३१ आली.

२८०: ०.१९०, ३२०: ०.००१, २६०/२८०: ०.५६
क्रमावरच्या हिशोबाने: ०.८८ मिग्रॅ/मिली
६ मोलर ग्वानिडिनमध्ये (टायरोसिनचे १२८० धरून): ०.९०
बीसीए, स्टँडर्ड त्याच बफरमध्ये: ०.९३
ब्रॅडफर्ड: १.१

शोषणांक

सुंदर. ग्वानिडिनचं तुम्ही स्वतःहून केलंत हे विशेष. घडी उलगडली की टायरोसिनभोवती नुसतं द्रावण उरतं, आजूबाजूच्या घडीचा परिणाम जातो. दोन्ही आकडे जुळतात, म्हणजे घडीतल्या प्रथिनालाही ४४७० चालतंय.

आणि एक गोष्ट बघा. नव्या तुकडीत ब्रॅडफर्ड भागिले २८० = १.२५. जुन्या घाणेरड्या नमुन्यात १.५ भागिले आपला अंदाजी १.२४ = १.२१. म्हणजे तो अंदाज बरा होता, आणि तुमच्या प्रथिनाला ब्रॅडफर्ड सव्वापटीने फुगवतो हे आता कळलं. पुढे घाई असेल तेव्हा ब्रॅडफर्ड करा आणि १.२५ने भागा. फक्त रंगाची बाटली बदलली की हा आकडा एकदा परत तपासा.

पिपेटवाली

म्हणजे ०.८८, ४२ मायक्रोमोलर. वहीत तेच लिहिते.

मोजमाप

वहीत नुसतं ०.८८ नको. "२८०, ३२० वजा, एप्सिलॉन ४४७०, ब्लँक फॉस्फेट" एवढं शेजारी लिहा. दोन वर्षांनी दुसरं कुणीतरी तुमचीच नळी ब्रॅडफर्डने मोजेल आणि इथे नवा धागा काढेल.

गढूळ

आणि उणे ८०मधून काढून वितळवल्यावर पुन्हा ३२० बघा. डीटीटी काढलंय, दोन मोकळे सिस्टीन आहेत, गोळे होणार. फिरवून वरचं घेतलंत की ०.८८ राहिलेलं नसेल.

पिपेटवाली

डीटीटीऐवजी टीसीईपी घालून ठेवलं तर? ते २८०ला शोषत नाही असं वाचलं.

शोषणांक

२८०साठी चालेल. पण तेही क्षपणकच, त्यामुळे बीसीए विसरा. आणि फॉस्फेटमध्ये उदासीन पीएचला ते फार दिवस टिकत नाही. मोजणी आधी, टीसीईपी नंतर.